पिढ्यान्‌पिढ्या भातच घेतलं, तर मातीतला सेंद्रिय कर्ब कमी होतो का?

कोकणात माणगावकडच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्याही आधीपासून त्यांच्या खाचरात, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतात, पावसाळ्यात फक्त भात होतं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाल्यातून मातीत राहिलेला कार्बन, १.१ टक्के निघाला आणि ‘भरपूर’ असा शेरा मिळाला. त्यावरून नत्राची (नायट्रोजनची, म्हणजे मुख्यतः युरियाची) मात्रा पाव हिश्शाने कमी करायला सांगितलं. पण लावणीनंतर भात पिवळं पडतं आणि उत्पन्न वर्षानुवर्षं तिथेच आहे. गावात सगळे म्हणतात, सारखं भात घेऊन जमीन मेली. मुलाच्या मनात खाचर भरून घेऊन आंबा लावायचा किंवा भाजी करायची आहे. अहवाल खरा मानायचा की लोकांचं ऐकायचं?

अहवालातला आकडा बहुधा बरोबर आहे, आणि भात पिवळं पडतं हेही तुम्ही डोळ्यांनी बघताय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खाचरातलं भात मातीतला कर्ब सहसा घटवत नाही, उलट राखतं, पुष्कळदा वाढवतंही. मात्र राखलेला कर्ब पिकाच्या कामी येतोच असं नाही. माती परीक्षणाच्या कामात कोकणातले अहवाल सतत हाताखालून जातात. ज्वारी-कापसाच्या जमिनीला लावायचा हिशेब भाताच्या खाचराला जसाच्या तसा लावल्याने होणारे घोटाळे मी पुष्कळ पाहतो.

आधी कर्ब टिकतो कसा ते बघू. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग जिवाणू दुसरीकडून श्वास भागवतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि सगळं आटोपल्यावर मिथेन वायू तयार व्हायला लागतो. या क्रमात प्रत्येक पायरीला जिवाणूंच्या हाती कमी ऊर्जा लागते, म्हणून कुजण्याचा वेग मंदावतो. धसकटं आणि मुळं यांतला लिग्निनसारखा चिवट भाग तर प्राणवायूशिवाय फारसा फुटतच नाही. तोवर मुळांचा, तणांचा आणि पाण्यावरच्या शेवाळाचा नवा माल पडत राहतो. आवक चालू आणि जावक मंद, त्यामुळे साठा टिकतो.

कोकणात यात आणखी एक भर पडते ती आपल्या तांबड्या जांभ्या मातीची. तिच्यातली लोहाची संयुगं सेंद्रिय पदार्थाला धरून ठेवतात. पाण्याखाली लोह विरघळतं तेव्हा धरलेलं थोडं सुटतं आणि खाचर सुकलं की लोहाचा गंज पुन्हा तयार होऊन नव्याने धरतो. म्हणूनच कोकणातल्या अहवालांत एक टक्क्याच्या पुढचे आकडे नवलाचे नाहीत, आणि पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्यातला शेतकरी ते बघून हेवा करतो.

भाताने जमीन मरते असं म्हणणाऱ्यांना मी चीनच्या झेजियांग प्रांतातलं त्सशीचं उदाहरण सांगतो. तिथे समुद्रकिनाऱ्यावर शतकानुशतकं एकेक बांध पुढे सरकवत भरतीची जमीन ताब्यात घेतली गेली. बांध कधी घातले याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ५० वर्षं भाताखाली असलेली जमीन आणि २,००० वर्षं भाताखाली असलेली जमीन शेजारी शेजारी तपासता येते. त्याच गाळावरची जिरायती जमीनही तुलनेला आहे. संशोधकांना दिसलं ते असं की भाताच्या वरच्या थरात कर्ब शतकानुशतकं वाढत गेला आणि जिरायतीत बराच कमी राहिला. एक बारकावा मात्र विसरू नये. ही वाढ वरच्या थरातली आहे. चिखलणीने, म्हणजे लावणीआधी माती पाण्यात घोळून चिखल केल्याने, तयार झालेल्या कठीण थराच्या खाली फारसं काही उतरलेलं नाही. आपल्या पेण-अलिबागच्या खारजमिनीही अशाच बांध घालून मिळवलेल्या, म्हणून हे उदाहरण मला परकं वाटत नाही.

पंजाबचीही नोंद आहे. तिथल्या भात-गव्हाच्या पट्ट्यात १९८१ ते २००६ या पंचवीस वर्षांतल्या माती नमुन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कर्ब सरासरी ०.२९ टक्क्यांवरून ०.४० टक्क्यांवर गेलेला दिसला. पेंढा जाळूनही. कारण सरळ आहे. खतं आणि सिंचनामुळे पीक जोमदार, पीक जोमदार म्हणून मुळं आणि धसकटं जास्त, आणि भाताच्या महिन्यांत कुजणं मंद. भूजलाचं तिथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो वेगळा विषय.

आता तुमच्या पिवळ्या भाताकडे येतो. फिलिपीन्समधल्या लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा एक प्रयोग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. एकाच शेतात वर्षाला तीन भातं, दरवर्षी. १९९० च्या सुमाराला लक्षात आलं की त्याच खतमात्रेत उत्पन्न घसरत चाललंय. माती तपासली तर कर्ब कमी झालेलाच नव्हता. घटलं होतं ते मातीतून पिकाला मिळणारं नत्र. जमीन जवळपास वर्षभर पाण्याखाली राहिल्याने पुरत्या न कुजलेल्या लिग्निनचे अवशेष साचले होते आणि नत्र त्यांच्याशी पक्कं बांधलं गेलं होतं. कणगी भातानं गच्च भरलेली आणि तोंड शेणाने लिंपून बंद, असा तो प्रकार. पुढे जमीन सुकू दिली, नत्राची मात्रा आणि वेळ बदलली, तेव्हा उत्पन्न सावरलं.

हे आकड्यांत मांडलं की जास्त पटतं. एका हेक्टरात वरच्या १५ सेंटीमीटर थरात ढोबळमानाने २० लाख किलो माती असते. १.१ टक्के कर्ब म्हणजे २२ टन कर्ब आणि त्याच्यासोबत साधारण दोन टन नत्र. दोन टन! पण एका हंगामात त्यातलं एक ते तीन टक्केच सुटं होतं. एक टक्का सुटलं तर पिकाला २० किलो मिळतं, तीन टक्के सुटलं तर ६० किलो. फरक ४० किलो नत्राचा, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. अहवालात मात्र दोन्ही जमिनींना १.१ टक्केच लिहिलेलं असतं. म्हणून ‘कर्ब भरपूर आहे तेव्हा युरिया कमी’ हे सूत्र खाचराला आंधळेपणाने लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एका खाचरात पूर्ण मात्रा द्या, शेजारच्यात पाव हिश्शाने कमी द्या, आणि पानाच्या रंगाचा तक्ता घेऊन फुटव्यांच्या वेळी दोन्हींची पानं जुळवून बघा. तक्ता स्वस्त असतो आणि या कामात प्रयोगशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तुमची जमीन लॉस बान्योससारखी वर्षभर भिजलेली नाही, हे खरं. कोकणातलं खाचर डिसेंबरपासून मेपर्यंत कोरडं ठणठणीत असतं आणि त्यामुळे कणगी दरवर्षी थोडी उघडते. तापलेल्या मातीवर वळवाचा पाऊस पडला की जिवाणूंचा एकदम उद्रेक होतो आणि नायट्रेट सुटतं. दुर्दैव असं, की त्या वेळी शेतात पीक नसतं. महिन्याभरात खाचर तुंबतं. ते नायट्रेट काही पाण्याबरोबर वाहून जातं, उरलेलं प्राणवायू नसल्यामुळे वायुरूपाने उडून जातं. लावणी होते तेव्हा रोपाच्या वाट्याला थोडंच उरतं. यावर मला पटलेला उपाय म्हणजे पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फेकायची आणि चिखलणीत गाडायची. वळवाने सुटलेलं नत्र ती शोषून घेतात, हवेतलंही थोडं बांधतात आणि कोवळी असल्याने गाडल्यावर लवकर कुजतात. लावणीच्या घाईत पंचेचाळीस दिवस मिळत नाहीत, मान्य. पंचवीस-तीस दिवसांचा धैंचाही वाया जात नाही.

पिवळेपणाचं दुसरं कारण तुमच्या प्रश्नात नाही, पण मला त्याचा वास येतो. लावणीच्या तोंडावर पेंढा, गवत किंवा अर्धकच्चं शेणखत गाडता का? भाताच्या पेंढ्यात कर्ब नत्राच्या साठ पटीहून जास्त असतो. तो चिखलात गेला की कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र ओढतात आणि रोप दोन-तीन आठवडे उपाशी राहतं. वर सेंद्रिय आम्लं आणि हायड्रोजन सल्फाइड यांनी मुळांना त्रास होतो. अशा वेळी शेतात पाय घातला की बुडबुडे येतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. रोप उपटून मुळं धुवा. निरोगी मुळांवर तांबूस गंजासारखा लेप असतो, कारण भाताचं मूळ स्वतःभोवती प्राणवायू सोडतं आणि लोह तिथे गंजतं. मुळं काळी आणि पिचपिचीत दिसली तर दोन-तीन दिवस पाणी काढून टाका, लगेच युरिया मारू नका. पानांवर तपकिरी ठिपके येऊन पान करपल्यासारखं होत असेल, तर लोहाचा अतिरेक तपासावा लागेल. सखल आणि झरे लागणाऱ्या खाचरांत तो दिसतो.

पेंढा परत मातीत घालावा की नाही? घालावा, पण वेळ पाळून. कापणी झाल्यावर जमिनीत ओल असतानाच उथळ नांगरट करून धसकटं आणि जमेल तेवढा पेंढा मिसळला, तर तो हवेत कुजतो. पुढच्या पावसाळ्यात रोपाला त्रास नाही आणि मिथेनही कमी. एक टन पेंढ्यात नत्र पाच ते आठ किलो असतं, पण पालाश (पोटॅश) बारा ते सतरा किलो आणि सिलिकॉन चाळीस ते सत्तर किलो. पेंढा शेताबाहेर जातो तेव्हा मुख्यतः हे दोन जातात. अर्थात ज्याच्या दावणीला गुरं आहेत त्याला पेंढा गाडा असं सांगणारा माणूस गोठ्यात कधी गेलेला नसतो. गुरांना घाला आणि शेण शेतात आणा, हिशेब बराचसा जुळतो. विकत असाल तर मात्र त्या पैशातून पालाश परत आणायला विसरू नका.

चारसूत्री भातपद्धत डॉ. नारायण सावंत यांनी कोकणात रुजवली, तिच्यात हे सगळं आधीच बसवलेलं होतं. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गुंठ्याला तीसेक किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी खतांच्या दाबून केलेल्या गोळ्या (ब्रिकेट) खोल खोचणं. लोकांनी त्यातली ब्रिकेट तेवढी उचलली आणि पाला सोडला. मला विचाराल तर बांधावरचं गिरिपुष्प हे कोकणातल्या खाचरासाठी सगळ्यात स्वस्त खत आहे. पाला नत्राने भरलेला असतो, आठ-दहा दिवसांत विरघळतो, बियाण्याचा खर्च नाही, आणि उंदीरही त्या बाजूला कमी फिरकतात म्हणून लोक त्याला उंदीरमारी म्हणतात.

राबाबद्दलही, म्हणजे पालापाचोळा आणि शेणी पसरून रोपांची जागा भाजण्याबद्दलही, विचारणा होते. दाढीपुरती (रोपवाटिकेपुरती) जागा भाजल्याने खाचराच्या कर्बावर थेट परिणाम नगण्य, कारण ते क्षेत्र एकूण शेताच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. खरं नुकसान वरकसाचं, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीचं, होतं. कवळं (छाटलेल्या फांद्या), पातेरा, शेणी तिथून उचलून आणायच्या आणि जाळायच्या. कर्ब आणि नत्र धुरात जातं, हाती राहते राख. तण मरतं आणि रोप जोमाने येतं हे खरं, म्हणून जुनी माणसं सोडत नाहीत. पण त्याच शेणाचं खत करून दाढीला घातलं आणि तण हाताने काढलं तर रोप तितकंच चांगलं येतं. मजूर मिळत नाहीत ही अडचण आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र म्हणजे एसआरटी. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी आणि लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जागेवरच कुजू द्यायची. कर्बाच्या बाजूने बघता यातली मुळं न उपटण्याची आणि जमीन न ढवळण्याची गोष्ट मला पूर्ण पटते. जमिनीत राहिलेली मुळं हा वरच्या पेंढ्यापेक्षा जास्त टिकाऊ कर्ब असतो. चिखलणी नसल्याने खालचा थर कठीण होत नाही, त्यामुळे मागून वाल, हरभरा बरा येतो. तणाचा बंदोबस्त जमणार असेल त्याने जरूर करावं. ज्या खाचरात जुलैभर गुडघाभर पाणी असतं तिथे वाफ्यांवर उगवण धरणं अवघड जातं, हेही बघून ठेवा.

आता आंबा आणि भाजी. खाचराचं खाचरपण मोडलं की साठवलेला कर्ब सुटायला लागतो, कारण त्याला राखणारी गोष्ट पाणी होती. पहिली दोन-तीन वर्षं भाजी अशी काही येते की शेतकऱ्याला वाटतं जमीन जागी झाली. ती जागी झालेली नसते. वाडवडिलांनी भाताखाली जमवलेलं नत्र हवा लागल्यावर भराभर बाहेर पडत असतं. शेणखत भरपूर घातलं नाही तर त्यानंतर उतार लागतो आणि मग लोक बियाण्याला दोष देतात. भाजीच करायची असेल तर पाणी न थांबणारं वरचं एखादं खाचर निवडा, आणि खालच्या खाचरात पावसाळी भात ठेवून हिवाळ्यात ओलीवर वाल, चवळी, कुळीथ घ्या. अलिबागकडे भातानंतर पांढरा कांदा घेतात तो याच चालीने. पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात हवा, ही फेरी कर्ब फारसा न घालवता नत्र मोकळं करते. मुरूम टाकून खाचर भरून आंबा लावणार असाल तर वरची वीतभर माती आधी बाजूला काढून खड्ड्यांत वापरा. नाहीतर शंभर वर्षांची माती मुरुमाखाली गाडली जाईल आणि कलमं मुरुमात उभी राहतील.

कर्ब वाढवून देतो म्हणून बाटल्या विकणारे तुमच्याकडे येतीलच, म्हणून एक हिशेब सांगतो. हेक्टरात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर मातीत दोन टन कर्ब टिकून राहायला हवा. घातलेल्या सेंद्रिय मालातला कर्ब काही वर्षांनी दहा-पंधरा टक्केच उरतो. म्हणजे वाळक्या पेंढ्याच्या हिशेबात चाळीसेक टन माल. हेक्टरी चार टन पेंढा होत असेल तर तो सगळा दहा वर्षं. लिटरभर द्रावणातून हे होणार नाही. तुमचा कर्ब आधीच १.१ आहे, तो वाढवण्यामागे लागूच नका. टिकवा आणि त्यातलं नत्र हलतं ठेवा.

मिथेनचं सांगायलाच हवं. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनपैकी ढोबळमानाने दहावा हिस्सा भातशेतीतून येतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस पट तापवतो. म्हणजे खाचर कर्ब साठवतं ही फुशारकी पूर्ण नाही. वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताला पाणी तुमच्या हातात असतं, तिथे भोकं पाडलेली नळी रोवून पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरू द्यावं आणि मग पुन्हा भरावं. मिथेन बराच घटतो, पाणी वाचतं, उत्पन्न घटत नाही. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नका. पावसाळी भाताला जुलैत पाणी काढणार कुठे? तिथे कच्चं शेण आणि हिरवंगार गवत ऐन चिखलात न घालता कुजवलेलं खत घालणं, एवढंच आपल्या हातात आहे.

शेवटी नमुन्याबद्दल, कारण निम्मे घोटाळे तिथे होतात. नेहमीच्या तपासणीत डायक्रोमेट नावाचं रसायन किती खर्ची पडलं त्यावरून कर्ब काढतात. ओल्या चिखलातलं विरघळलेलं लोहही ते खर्ची पाडतं आणि खारजमिनीतलं क्लोराइडही. दोन्हींमुळे आकडा फुगतो. म्हणून नमुना कापणीनंतर घ्या, सावलीत पूर्ण सुकवून द्या, आणि खारातली माती असेल तर तसं पाकिटावर लिहा. बांधाकडेला, राबाच्या जागी किंवा शेणखताचा ढीग होता तिथे खणू नका. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवर घेऊन त्याच प्रयोगशाळेत द्या. १.१ चं १.० झालं तर घाबरायचं कारण नाही, एवढा फरक दोन पाकिटांतही पडतो. आणि या वेळी नमुना घेताना फावड्याने दीड फूट खाली जाऊन बघा. वीतभर खोलीवर फावडं अडतंय का, त्या थराखाली माती निळसर-राखाडी आहे का, मुळांच्या वाटेने तांबूस रेघा उतरल्या आहेत का, ते लिहून कळवा. तुमच्या खाचरातलं पाणी किती दिवस थांबतं ते त्यावरून कळेल, आणि मग धैंचा की एसआरटी ते ठरवता येईल.